बाहेरून कुलूप

"मावशी, पिशवी दाखवा."

मी जिन्यात बसले होते. नाकात धूर, घशात धूर, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. साडीवर काजळी. कुणीतरी दिलेला पाण्याचा ग्लास तसाच पायरीवर ठेवला होता. बिल्डिंगमधली माणसं वरच्या-खालच्या पायऱ्यांवर दाटीनं उभी होती. समोरच्या फ्लॅटात काकांच्या दिवाणावर, मी सांभाळायचे त्या आजींना निजवलं होतं. दार उघडं होतं, त्या माझ्याकडं बघत होत्या.

वहिनी ऑफिसातून धावत आल्या तेव्हा मला वाटलं, आधी सासूजवळ जातील. नाही गेल्या. आधी आपल्या घरात शिरल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. मग बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, पिशवी दाखवा.

मी म्हणाले, "काय घेतलं नाय वहिनी."

"घेतलं असं मी कुठं म्हटलं? बघून घेतलेलं बरं असतं. तुमच्यासाठीच."

त्यांनी पिशवी माझ्या मांडीवरून उचलली आणि पायरीवर उलटी केली. डबा पडला. कंगवा, चार्जर, डोकेदुखीच्या गोळ्या. महिन्याच्या दिवसांसाठी ठेवलेलं पॅड सटकून खालच्या पायरीवर गेलं. तिथं पुरुष उभे होते. सगळ्यांनी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. वहिनींनी डबा उघडला. आत अर्धी भाकर होती. उरलेली अर्धी खायला मला सवड मिळाली नव्हती, तेवढ्यात आग लागली होती.

पिशवीत काही निघालं नाही. "ठीक आहे," म्हणाल्या, आणि मग सासूकडं गेल्या.

मी सामान गोळा केलं. वाकून, माणसांच्या पायांमधून. एकही पाय बाजूला झाला नाही.

मी पाचोडची. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही शहरात आलो. नवरा वाळूजला कंपनीत कंत्राटावर आहे, दोन मुली शिकतात. आधी मी धुणीभांडी केली. मग कुणीतरी सांगितलं, पेशंट सांभाळायचं शिक, त्यात जरा मान असतो. मान हा शब्द ऐकून मी शिकले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, नळीतून पातळ अन्न कसं द्यायचं, पाठीची कातडी लाल पडतेय का ते रोज कसं बघायचं. मग एका ब्यूरोत नाव घातलं. ब्यूरो म्हणजे घरोघरी बायका पुरवणारं ऑफिस. तिथल्या मॅडम फोन करतात, पत्ता देतात, आपण जायचं. भांडण झालं तर मॅडम घरवाल्यांच्या बाजूनं. कारण घरवाले गिऱ्हाईक, आणि आम्ही माल.

गारखेड्यातलं हे घर मॅडमनीच दिलं. तिसरा मजला. दादा आणि वहिनी दोघंही नोकरीला. दादांच्या आईला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू पार गेलेली. वाचाही गेली होती, एकच शब्द तेवढा उरला होता. थांब. पाणी पाहिजे असलं तरी थांब, दुखलं तरी थांब, हसू आलं तरी थांब. कोणता थांब कशाचा ते मला आवाजावरून कळायला लागलं होतं.

पहिल्या दिवशी वहिनींनी आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाल्या, "पाचोडात कुठं?"

आता ह्यांना पाचोडातली कुठली गल्ली माहीत असणार? पण हा प्रश्न गल्लीसाठी नसतो. तो कशासाठी असतो ते मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मी म्हणाले, बाजारतळाच्या पलीकडं, कडेला. त्यांना जे हवं होतं ते कळलं. दुसऱ्या दिवशी माझा कप आणि ताटली गॅलरीतल्या कट्ट्यावर वेगळी ठेवलेली. आणि वरून मला मावशी म्हणायच्या. आईची बहीण. आईच्या बहिणीचा कप गॅलरीत, पोछ्याच्या बादलीशेजारी.

ते मी गिळलं. असलं गिळायची सवय आम्हाला आईच्या दुधाबरोबर लावतात. पण कुलुपाची सवय मला शेवटपर्यंत लागली नाही.

फ्लॅटच्या लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार होतं. सकाळी दोघं निघाले की वहिनी त्या जाळीला बाहेरून कुलूप घालायच्या. चावी पर्समध्ये. पर्स खांद्यावर. संध्याकाळी आल्या की उघडायच्या. मधला सगळा वेळ मी आणि आजी. खिडक्यांना गज, गॅलरीला जाळी. कबुतर आत येऊ नये म्हणून लावलेली. बाई बाहेर जाऊ नये म्हणूनही कामाला येते.

पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून लावलं. मी धावत गेले आणि जाळीतून हाक मारली, "वहिनी, मी आत आहे."

त्या जिन्यातून वळून हसल्या. "माहीत आहे मावशी. म्हणून तर."

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, सगळीकडं असंच असतं. आधीची बाई पेशंटला एकटं टाकून निघून गेली होती, लोकांचा विश्वास उडालाय, आणि तुला आत बसूनच काम करायचं आहे ना, तू काय बाहेर हिंडायला गेलीस का. मी फोन ठेवला. आमच्यातल्या बायकांना विचारलं तर खरंच बऱ्याच जणींना बाहेरून कुलूप. एकमेकींना सांगितलं नव्हतं, एवढंच. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यावरच संशय आहे, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट असणार.

भीतीचं सांगते. कारण भीतीचं कुणी सांगत नाही. अन्यायाचं सांगतात, रागाचं सांगतात. मला राग नंतर आला. आधी नुसती भीती होती.

कुलूप बसल्याचा आवाज आला की तिथून पुढं कान उभे. आजींच्या घशात घास अडकला तर? मी पाठ थोपटेन, तोंडात बोट घालेन, आणि नाही निघाला तर? डॉक्टर खालच्या गल्लीत आहे, पण तो जाळीतून आत कसा येणार? मलाच चक्कर आली तर? आजी पलंगावरून बघत राहतील, थांब थांब म्हणतील, आणि संध्याकाळी वहिनी कुलूप उघडतील. गॅसचं बटण मी पुन्हा पुन्हा बघून यायचे. बंद असायचं. परत जायचे. संडासला गेले तर दार उघडं ठेवायचे. एका दाराच्या आत आणखी एक दार बंद करायचं म्हटलं की जीव घाबरा व्हायचा.

घरी नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तो सोड म्हणाला असता तर काय करायचं, ही एक भीती. सोडू नको म्हणाला असता तर, ही त्याहून मोठी.

आणि मग ती दुपार.

उन्हाळा होता. गॅलरीतली फरशी पाय भाजत होती. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला. तो स्वयंपाकघराच्या बोळीत, कपाटाखाली. त्याच्यावर जुन्या पेपरांची रद्दी रचलेली. आजींचं भरवून झालं होतं, त्यांना जरा उशीला टेकवून मी माझा डबा उघडला होता. रबर जळाल्यासारखा वास आला. डबा झाकून दारामागच्या पिशवीत टाकला आणि जाऊन बघितलं तर इन्व्हर्टरमधून तडतड आवाज येत होता. बघता बघता रद्दीनं पेट घेतला. धूर आधी पांढरा होता, मग काळा झाला.

मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. त्या दाराला खाली फट होती. धूर फटीतून यायला लागला, पाणी यावं तसा.

आजींना उचलणं माझ्या एकटीच्या ताकदीबाहेर होतं. मी त्यांना चादरीसकट पलंगावरून खाली घेतलं आणि फरशीवरून ओढत बाहेरच्या खोलीतून जाळीच्या दारापर्यंत आणलं. लाकडी दार सताड उघडलं. हवा तेवढी तिथूनच येत होती. आजींचं तोंड जाळीला लावलं. त्यांच्या डोक्यापाशी मी गुडघ्यावर बसले आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आजी थांब थांब म्हणत होत्या आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

वहिनींना फोन लावला. वाजला, वाजला, कट झाला. मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. परत लावला. परत कट. दादांचा लागतच नव्हता. मग मॅडमना लावला. त्यांनी उचलला. मी म्हणाले, मॅडम, घरात आग लागली, आम्ही आत आहोत, बाहेरून कुलूप आहे.

मॅडम काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द सांगते. "कुलुपाला हात लावू नको. तुटलं आणि घरातलं काही इकडंतिकडं झालं तर केस तुझ्यावर. मी बघते वहिनींना फोन लावून."

समोरचे काका दार उघडून बाहेर आले. चांगला माणूस. रोज देवाची गाणी लावायचे, जाता-येता माझ्याशी गोड बोलायचे. धूर बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण कुलूप बघून ते थांबले. म्हणाले, मालकांना विचारल्याशिवाय कसं तोडायचं? सोसायटी आहे, उद्या बोल लागेल. तेही फोन लावत उभे राहिले. वरच्या मजल्यावरची माणसं आली. तीही फोन लावत उभी राहिली. अग्निशमनला कुणीतरी फोन केला होता, गाडी निघाली होती म्हणे. जाळीच्या अलीकडं आम्ही दोघी खोकत होतो आणि पलीकडं सगळी बिल्डिंग परवानगीची वाट बघत होती.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगते. माझ्या हातात खलबत्त्याचा बत्ता होता. दार ओढून घेताना ओट्यावरून उचलला होता, का ते माहीत नाही. जाळीच्या चौकोनातून माझा हात मनगटापर्यंत बाहेर जात होता. कुलूप समोर लोंबत होतं. स्वस्तातलं कुलूप. दोनचार घाव बसले असते तर उघडलं असतं, कदाचित. पाठीमागून धूर येत होता, माझी मान भाजल्यासारखी झाली होती. आणि मला भीती वाटत होती ती कुलुपाची. आगीची नाही. मरेन ह्याची नाही. कुलूप मोडलं तर चोर म्हणतील ह्याची. बत्ता हातात धरून मी कुलुपाकडं बघत बसले.

एका बाईला मरणापेक्षा कुलूप मोठं कसं वाटतं? एका दिवसात वाटत नाही. लहानपणापासून कुणाच्या ओट्याला हात लावू नको, कुणाच्या माठाला हात लावू नको, विचारल्याशिवाय आत येऊ नको, असं घोटून घोटून ते हाडात उतरवावं लागतं. माझ्या हाडात ते नीट उतरलं होतं.

खाली रस्त्याला लागून रशीदभाईंचं ग्रिल बनवायचं दुकान आहे. ते धूर बघून कटर घेऊन वर आले. कुणाला विचारलं नाही. काकांना एवढंच म्हणाले, "हटो चाचा, अंदर औरतां हैं." विजेची वायर काकांच्या घरात जोडली, काकांकडं इन्व्हर्टर चालू होता, आणि कुलूप कापलं. ठिणग्या माझ्या हातावर पडल्या. आजींना त्यांनी आणि आणखी एकानं चादरीसकट उचललं. आग पुढं कुणी विझवली, गाडी कधी आली, मी पाहिलं नाही. दारामागची पिशवी तेवढी हाताला लागली, ती घेऊन मी जिन्यात बसले ती पिशवी उलटी होईपर्यंत.

संध्याकाळी घरी गेले. धाकटी म्हणाली, आई तुझ्या केसांना कसला वास येतोय. मी म्हणाले, फोडणी करपली.

दुसऱ्या दिवशी मी परत कामावर गेले.

हे वाचून कुणी म्हणेल, का गेलीस? मलाही वाटतं, का गेले? ब्यूरोनं माझ्याबद्दल एक वाईट शब्द टाकला असता तर शहरात मला कुठलं घर मिळालं नसतं, हे एक. आजींना दुसरी बाई कशी कुशीवर वळवेल, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर नाही म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडं नव्हतं. जाळीला नवीन कुलूप होतं. पहिल्यापेक्षा जाड. पिशवीचं कुणी काही बोललं नाही. वहिनींनी चहा दिला, गॅलरीत, आणि म्हणाल्या, "काल किती घाबरलात ना मावशी." मग कुलूप लावलं आणि गेल्या. नवा इन्व्हर्टर त्याच जागेवर आला. रद्दी तेवढी हलवली.

त्या दिवसापासून कुलुपाचा आवाज झाला की आजी डाव्या हातानं माझं मनगट धरायच्या. संध्याकाळपर्यंत सोडायच्या नाहीत. मी एका हातानं कामं करायला शिकले. त्यांच्या मुलाला वाटत होतं, आपण आईला बाईच्या भरवशावर ठेवलं आहे. त्यानं आईलाही कोंडलं होतं, हे त्याच्या डोक्यात येत नव्हतं. सांगणार कोण? एकीला वाचा नाही, दुसरीला तोंड नाही.

मग मॅडमचा निरोप आला, सरकारी कचेरीत बैठक आहे. घरी जाऊन आजारी माणसं सांभाळणाऱ्यांसाठी नवे नियम करायचे आहेत. जुने नियम घरकामाच्या बायकांसाठी होते, त्यात आमचं नावच नव्हतं. साहेबलोक ब्यूरोवाल्यांचं ऐकणार होते आणि काही बायकांचंही. मॅडमनी आम्हाला निवडलं, कारण आम्ही शांत.

गाडीत त्यांनी पढवून घेतलं. घरच्यासारखं वागवतात म्हणा. थोडकं बोला, हसून बोला. काही अडचण आहे का विचारलं तर नाही म्हणा, अडचणी आपण आपसात सोडवतो. माझ्या शेजारी नसीम होती, देवगाव रंगारीची. ती ह्याच ब्यूरोत माझ्याही आधीपासून आहे. बडबडी बाई, पण त्या दिवशी सबंध वाटेत एक शब्द बोलली नाही.

बैठकीत ब्यूरोवालेच बोलत होते. बायकांची पोलीस पडताळणी झाली पाहिजे. बायकांना ओळखपत्र पाहिजे. घरात येताना-जाताना पिशवी तपासायचा अधिकार घरमालकाला लेखी दिला पाहिजे. मी ऐकत होते. आमच्यासाठी नियम करायला बसले होते आणि आमच्यापासून घर कसं वाचवायचं ह्यावरच सगळं चाललं होतं. मग साहेब म्हणाले, "बायकांपैकी कुणाला बोलायचं आहे?"

कुणी हललं नाही. मॅडम आमच्याकडं बघून हसत होत्या.

मी उभी राहिले. धीर आला म्हणून नाही. असंच बसून राहिले तर इथंच आपल्याला काहीतरी होईल असं वाटलं म्हणून उभी राहिले. नसीमनं माझा पदर ओढला, "बैठ जाओ बाई." मी बसले नाही. तिनं पदर सोडला.

मी म्हणाले, "साहेब, आमाला बाहेरून कुलूप लावत्यात. मी आत असताना आग लागली. चावी पर्समधी व्हती."

पलीकडच्या एका ब्यूरोचे गृहस्थ समजावल्यासारखं बोलायला लागले. अहो, म्हाताऱ्या माणसांना भान नसतं, दार उघडं राहिलं तर रस्त्यावर जातात, हरवतात, कुलूप पेशंटच्या सुरक्षेसाठी असतं. आवाज मऊ होता. माना डोलल्या. क्षणभर मलाही ते पटल्यासारखं झालं. इतकी मला पटवून घ्यायची सवय.

मग मी म्हणाले, "आमच्या आजीला पाय हलवता येत नाय. कुलूप आजीसाठी नाय. माझ्यासाठी हाय."

साहेबांनी वर बघितलं. म्हणाले, तुमचं म्हणणं काय, नियमात काय असावं? आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी विचारलं होतं, काय असावं. मी सांगितलं. बाई आत असली तर चावी आत पाहिजे. आतून दार उघडता आलं पाहिजे. आणि जीव वाचवायला कुलूप तोडलं तर बाईवर केस होता कामा नये. बोलून झाल्यावर मला कळलं की मी रडतेय. साहेब म्हणाले, मसुद्यात बघू, एकदम होत नाही, वेळ लागतो. मसुदा म्हणजे अजून नियम न झालेला कागद, हे मला नंतर कळलं.

परत येताना मॅडमनी मला गाडीत घेतलं नाही. बाकीच्या बसल्या. नसीमही बसली, खाली मान घालून. मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "आता तुला कोण घरात घेतं ते मी बघते." गाडी गेली. मी चालत निघाले. रस्त्यात प्रत्येक रिक्षा जवळ आली की दचकत होते, जणू कुणी मला परत धरून न्यायला येतंय.

हे झालं काल.

आज सकाळी मी वेळेवर गारखेड्यात गेले. मॅडमना इतक्यात दुसरी बाई मिळाली नसावी, कारण वहिनी नेहमीसारख्या तयार होऊन कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. "मावशी, चला आत, मला उशीर होतोय."

मी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले.

"वहिनी, चावी आत द्या."

"कसली चावी?"

"ह्या कुलपाची. मी आत ऱ्हाणार तर चावी माझ्यापाशी पायजे."

त्या हसल्या. मग हसू गेलं. म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो मावशी, तुम्ही घरच्याच. पण ते जमणार नाही.

"मग मला बी जमणार नाय."

आतून आजींनी माझा आवाज ओळखला होता. थांब, म्हणाल्या. हा ओळखीचा होता, ये म्हणायचा. मी आले नाही तेव्हा परत म्हणाल्या, थांब. मग तो आवाज बदलला. आगीच्या दिवशीचा झाला. वाटलं, आत जावं, मनगट त्यांच्या हातात द्यावं, काय व्हायचं ते होवो. वहिनींनाही ते कळलं. त्या बाजूला झाल्या, मला वाट दिली आणि हळूच म्हणाल्या, "बघा, आई बोलावतायत तुम्हाला."

आजींचा जीव पुढं करून वहिनी मला आत ओढत होत्या. तेव्हा मला राग आला. इतक्या दिवसांनी, पहिल्यांदा.

मी म्हणाले, "तुमची आई हाय. तुमी थांबा." आणि जिना उतरले.

खाली रशीदभाईंनी दुकानातलं स्टूल पुढं केलं. मी त्यावर बसले आणि खूप रडले. वरून आजींचा आवाज येतोय असं वाटत होतं, खरं तर रस्त्यावरून काही ऐकू येत नाही. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. आजी उद्या कुणाचं मनगट धरणार, हेच डोक्यात होतं, अजून आहे.

संध्याकाळी नसीम घरी आली. दारातच उभी राहिली. मी चहा केला, तिनं घेतला नाही. मुली बाहेर गेल्यावर म्हणाली, "मेरे काम के घर की चाबी उनके भांजे के पास रहती. दोपहर को आता वो."

मी पुढं विचारलं नाही. ती आपले हात एकमेकांवर घासत होती, काहीतरी पुसून काढावं तसे.

मग म्हणाली, "कल मैं भी उठनेवाली थी. मुँह नहीं खुला."

मी इतके दिवस कुलुपाकडं बघताना एकच धरून चालले होते, की आत आग लागेल आणि बाहेर पडता येणार नाही. चावी बाहेर आहे म्हणजे ती कुणाच्या तरी हातात आहे, आणि तो कधीही दार उघडून आत येऊ शकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नसीम ते किती दिवस सोसत होती कुणास ठाऊक.

उद्या सकाळी आम्ही दोघी त्या घरी जाणार आहोत. नसीम आत जाणार नाही. दारात मी पुढं उभी राहणार. घरमालकिणीला सांगणार, आधी चावी, मग बाई. भाचा दुपारी कशाला येतो तेही विचारणार, जिन्यातल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तो तिथं असला तर त्याच्या तोंडावर विचारणार. मला भीती वाटतेय. तिथं माझा आवाज कापेल, मला माहीत आहे. कापू दे.

तो मसुदा कधी निघेल, त्यात आमची चावी असेल की पिशवी तपासायचा अधिकारच तेवढा असेल, कुणी सांगू शकत नाही. मी त्याची वाट बघत बसणार नाही. बाहेरून कुलूप लागणाऱ्या घरात मी यापुढं पाऊल टाकणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या एकाही बाईला टाकू देणार नाही.